टेबलाखाली गेलेलं बटण

त्याला सगळे कडक म्हणायचे. नाव ऐकून वाटावं, माणूस तापट असेल, येता-जाता डाफरत असेल. प्रत्यक्षात इतका मऊ माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. कुणी तासभर उभं राहून डोकं खाल्लं तरी 'मला काम आहे' एवढंसुद्धा त्याच्या तोंडातून फुटत नसे. कडक होती ती त्याची इस्त्री. त्याच्या हातून गेलेली कॉलर संध्याकाळपर्यंत मान टाकत नसे, आणि पँटच्या घडीवरून बोट फिरवायला लोक जरा बिचकत. लाँड्री लहानशीच. पुढे काउंटर, तिथे त्याची बायको कपडे घेई, त्यांना नंबरच्या पट्ट्या टाची आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं खातं सांभाळी. मागे त्याचं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट आणि पांढरी चादर ताणून बसवलेली.

दोन गोष्टींचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडत नसे. एक, त्याच्या हातून आयुष्यात एक धागा जळला नव्हता. दुसरी, त्याच्या दुकानातून बटण नसलेला शर्ट कधी बाहेर गेला नव्हता. इस्त्रीचं टोक लागून एखादं सैल बटण उडालं की कडक इस्त्री उभी करून ठेवायचा आणि सरळ टेबलाखाली शिरायचा. तिथे गुडघ्यांवर रांगत, गठ्ठे सरकवत, बटण मिळेपर्यंत काही वर यायचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की बायको पट्टी टाचता टाचता म्हणायची, "तळघरात गेलेत. येतील." दुकानाला तळघर नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ज्या दिवशी त्याचं हृदय बंद पडलं, त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. सकाळी चहा घेतला इथपर्यंत ठीक, पुढे पाटी कोरी. जे माहीत आहे ते ऐकीव. टेबलावर ड्रायव्हिंग मास्तरांचा निळा शर्ट होता, मास्तर काउंटरशी उभे होते, आणि कडक टेबलामागे कोसळला. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. जन्म शिकाऊ लोकांशेजारी बसण्यात गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय जिथे जातील तिथे जमिनीवर ब्रेक दाबत असे, दुकानात उभे असले तरी. प्रथमोपचाराचं शिक्षण त्यांना धंद्यासाठी घ्यावं लागलं होतं. त्यांनी कडकची छाती दाबायला घेतली ती ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत सोडली नाही. त्यात दोन बरगड्या मोडल्या. पुढे विजेचा झटका देऊन हृदय चालू केलं आणि कडक हॉस्पिटलात जाऊन पडला, नळ्यांच्या गराड्यात, बेशुद्ध.

दोन-तीन दिवसांनी गुंगीची औषधं कमी केली तसं त्याचं अंग उडायला लागलं. आधी पापण्या, मग खांदे, मग पलंगाचा कठडा वाजेल असे पाय. मुलीला वाटलं, बाबा जागे होतायत. ती धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी बराच वेळ बघितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना.

"हे झटके आम्हाला फारसे आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मेंदूला काही मिनिटं रक्त मिळालं नाही, त्याची ही खूण आहे. काही पेशंट यातून जागे होत नाहीत. काही होतात, आणि झटके तेवढे मागे राहतात. तुमच्या माणसाचं यातलं काय, हे आज सांगितलं तर ती थाप होईल. मेंदूचा आलेख काढू, औषध देऊ आणि थांबू."

बायकोने त्यातलं एवढंच धरून ठेवलं की ही बाई थापा मारत नाही. त्या आधारावर तिने पुढचे दिवस काढले. आणि एका सकाळी कडकने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, ओळखून बघितलं. घशातली नळी निघाल्यावर त्याचा आवाज पार बसला होता. पहिला शब्द तो बोलला, "शर्ट?"

"दिला मास्तरांना," बायको म्हणाली.

"छान झाला होता?"

"नेहमीसारखा."

तो समाधानाने परत झोपला.

माणूस परत आला म्हणून घरात आनंदीआनंद झाला, पण हातांनी वेगळंच काढलं. नुसता पडून राहिला की हात एकदम शहाणे. ग्लास घ्यावा असं मनात आणायचा अवकाश, की हात उडालाच. पाणी भिंतीवर, ग्लास पलंगाखाली. उभा राहिला की गुडघ्यातला जोर क्षणभर कुणीतरी काढून घेई आणि तो मटकन खाली बसे. जवळ कुणी झाकण आपटलं तर अख्खा माणूस दचके. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हातात ताकद आहे, मेंदूकडून हुकूमही बरोबर निघतो. वाटेत त्याला धक्का लागतो, एवढंच. काम जितकं नेमकं, मनावर दडपण जितकं जास्त, तितका धक्का मोठा. गोळ्यांनी हे कमी होईल, काळाने कमी होईल. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. पण असे झटके घेऊन घरी गेलेली माणसं पुन्हा आपल्या कामाला लागलेली मी पाहिली आहेत."

कडकला त्यातलं 'आपल्या कामाला' तेवढं ऐकू आलं. त्याला दुसरं काही नकोच होतं. त्याला त्याचं टेबल परत हवं होतं.

घरी आल्यावर मुलीने सूत्रं हातात घेतली. ती चपलांच्या दुकानात कामाला होती, माणसाचं माप बघून वस्तू पुढे करायची तिला सवय. तिने घरातलं काचेचं आणि स्टीलचं सगळं वरच्या फळीवर चढवलं आणि बाबांसाठी प्लास्टिकचा पेला, प्लास्टिकचा चमचा, फुंकर मारली तर उडेल अशी ताटली आणली. लागू नये, फुटू नये, दमू नयेत. जेवायला बसलं की दोघी मायलेकी त्याच्या चमच्याकडे डोळे लावून बसायच्या. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तीन माणसांच्या घरात दोघींनी श्वास रोखून धरल्यावर तिसऱ्याच्या हाताला काय कपाळ जमणार? चमचा उडायचा, भात भिंतीला लागायचा, आणि दोघी एकदम म्हणायच्या, "काही नाही, काही नाही." या 'काही नाही'चा त्याला झटक्यांपेक्षा जास्त राग यायचा.

दुकानात आता बायकोच इस्त्री करायची. ती वाईट करायची असं नाही, पण गिऱ्हाइकं शर्ट हातात घेऊन जरा थांबायची आणि गोड आवाजात विचारायची, "कडक कधी येणार?" ही तक्रारच होती आणि ती तिला बरोबर पोचत होती.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाई तरुण होत्या आणि मनापासून काम करत. त्यांनी कडकचा धंदा विचारून घेतला आणि पुढच्या खेपेला आपल्या घरातला बटणांचा डबा घेऊन आल्या. एका वाडग्यातलं बटण उचलायचं, दुसऱ्या वाडग्यात टाकायचं. कडकने हात पुढे नेला. बटणांपर्यंत तो जेमतेम नीट गेला आणि बोटं मिटायच्या ऐन वेळी असा उडाला की वाडगा उलटून बटणं खोलीभर झाली. पुन्हा तेच. बाई हसून म्हणाल्या, "आज नाही जमलं. मांडी नाहीतर टेबल, कशावर तरी हात टेकवून मग बोटं चालवा. हवेतून जाऊ नका." त्या दिवशी कडकला एकही बटण उचलता आलं नाही. फरशीवर विखुरलेली बटणं बाईंनी वाकून वेचली आणि तो खुर्चीत बसून बघत राहिला.

घरी येताना तो बायकोला म्हणाला, "टेबलावर कुणालातरी ठेव आता. चांगला हात बघून ठेव."

"बघते," बायको म्हणाली. तिने कुणालाही बघितलं नाही.

तो दुकानात मात्र यायला लागला होता, नुसता दारापाशी स्टुलावर बसायला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक जुनी इस्त्री ठेवलेली असायची. ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला त्याची ती. जाड बुडाची, उचलताना खांद्याला कळावी अशी. तिची वायर कधीच निकामी झाली होती आणि तिच्या नशिबी राखणदारी आली होती. एका सकाळी ती सरकून दार धाडकन आपटलं. कडक दचकून स्टुलावरून पडता पडता वाचला आणि त्याला संताप आला. त्याने वाकून इस्त्रीची मूठ धरली आणि ती फरशीवरून फरफटत जागेवर आणून आदळली. मग त्याच्या लक्षात आलं की हात सरळ गेला होता. त्याने ती मागे ओढली, परत पुढे नेली. मधे एक बारीकसा हिसका आला, पण तेवढ्या वजनाला तो हलवू शकला नाही.

"अगं, इकडे ये."

बायको आली. "अहो, फरशीवर ओरखडे पडतायत," ती म्हणाली, आणि मग तिला दिसलं की ओरखडे सरळ होते. ती तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसली.

व्यायामाच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना तर उचंबळूनच आलं. "सगळ्यांना होत नाही, पण काहींचा हात वजनाने स्थिरावतो. मी पुढे वाळूच्या पट्ट्या बांधून बघणारच होते. तुम्ही माझ्या आधी पोचलात." त्यांनी मनगटाला पट्ट्या बांधल्या, जड भांडी वापरायला सांगितली, आणि इस्त्री चालवायची तर आधी गार चालवायची, असं दोनदा बजावलं. घरी जाऊन मुलीने फळीवरचं स्टील खाली काढलं. ती थोडी हिरमुसली. "इतकं शोधून आणलं होतं मी ते हलकं," म्हणाली. कडकला हसू आवरेना. हल्लीच्या इस्त्र्यांना 'हलकं काही कापडावर बसत नाही' म्हणून तो जन्मभर नावं ठेवत आला होता, आणि त्याच्याच घराने त्याच्या हातात हलका चमचा दिला होता. त्यालासुद्धा हे सुचलं नव्हतं, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग रोज दुपारी, गर्दी नसताना, तो टेबलाशी उभा राहून जुन्या चादरीवर गार इस्त्री फिरवायला लागला. गुडघे दगा देतील म्हणून मागे स्टूल. गोळ्यांचा डोस हळूहळू बसत होता, त्यांची गुंगी कमी होत होती, उसळ्या विरळ होत होत्या. बायकोने त्याच्या नकळत म्हाताऱ्याच्या इस्त्रीला नवी वायर बसवून आणली, पण प्लग लावू देईना. "गार इस्त्रीने चादर चुरगळते तेवढी," तो म्हणायचा. "चुरगळू दे," ती म्हणायची. खरं तर तोही भ्यायला होता. गरम इस्त्री, कुणाचा तरी चांगला शर्ट, आणि नेमक्या वेळी हात उडाला तर? इतक्या वर्षांत एक धागा जळला नव्हता.

अशाच एका दुपारी मास्तर पिशवी घेऊन आले. टेबलावर त्यांनी एक निळा शर्ट पसरला. धुतलेला, स्वच्छ, आणि पाठीवर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा करपलेला डाग. डागाच्या मधे बोट जाईल एवढं भोक.

कडकने शर्ट ओळखला. मग बायकोकडे बघितलं. "तू म्हणालीस दिला."

"दिला की. जळका दिला."

"माझ्या हातून जळला?" त्याचे दोन्ही हात टेबलावर थाडथाड उडायला लागले. "आणि तुम्ही सगळे मला…"

"आधी ऐक," मास्तर म्हणाले. "तो जळला म्हणून तू आहेस. सांगा वहिनी. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगतो."

बायकोने हातातली पट्टी खाली ठेवली. "तुम्ही टेबलामागे गेलात," ती म्हणाली. "मला वाटलं, बटण. मास्तरांनी विचारलं, तर मी म्हणाले तळघरात गेलेत. हसत म्हणाले. तुम्ही खाली पडला होता आणि मी पट्ट्या टाचत बसले होते. मग जळका वास आला. तुम्ही बटणासाठी वाकता तेव्हा इस्त्री उभी करून वाकता, कधी चुकला नाहीत. वास आला आणि मला कळलं, हे बटण नाही." ती थांबली. "पण त्याआधी वेळ गेला. तो मी घालवला. हे झटके त्याचेच आहेत."

इतके महिने ही बाई हे पोटात घेऊन त्याला भात वाढत होती, हे कडकला आत्ता कळलं आणि त्याचा जीव कळवळला.

"मी इतकी वर्षं तळघरात जातोय," तो म्हणाला. "एकदा तरी बघायला आली होतीस का? त्या दिवशी आलीस. तेवढं पुरे."

ती रडता रडता हसली, आणि मास्तरांनी जमिनीवर जोरात ब्रेक दाबला.

"आता याला इस्त्री कर," ते म्हणाले.

"याला?"

"मग? याला आणखी काय करणार आहेस तू? फार तर दुसरं भोक पाडशील. हवा खेळेल. आणि हे बघ, माझ्या गाडीत दुसरा ब्रेक माझ्या पायाशी असतो, म्हणून तर मी अजून जिवंत आहे. स्विच वहिनींच्या हातात द्यायचा. हात उडाला की त्या बंद करतील."

अशी ती जुळणी झाली. बायको भिंतीशी, बोट स्विचवर. कडकने मूठ धरली, कोपर अंगाशी घेतलं. म्हाताऱ्याची इस्त्री तापली आणि कापडावर पाणी शिंपडताच तो ओळखीचा वास आला, ओल्या सुताचा. आधी कॉलर. इस्त्री टोकापर्यंत गेली आणि परत आली. मास्तरांची टकळी चालूच होती, कुणा शिकाऊ बाईने वळताना सरळ भाजीच्या गाडीला मुजरा केला त्याची गोष्ट, आणि त्यामुळे श्वास रोखायला कुणाला फुरसत नव्हती. बाहीवर एक उसळी आली, इस्त्री तिरकी गेली आणि भलतीच घडी पडली. बायकोने स्विच बंद केला. कडकने पाणी शिंपडलं, म्हणाला, "चालू कर," आणि ती घडी मोडून काढली. जळलेल्या डागाभोवतीसुद्धा त्याने नीट इस्त्री केली.

शर्टाच्या पुढच्या, बटणांच्या पट्टीवर यायला आणि शेवटची उसळी यायला एकच गाठ पडली. इस्त्रीचं टोक बटणाला लागलं, टक् आवाज झाला आणि बटण टेबलाखाली गेलं.

कडकने इस्त्री उभी केली आणि खाली वाकला. विचार करून वाकला असता तर गुडघ्यांनी नक्की दगा दिला असता. सवयीने वाकला, म्हणून पोचला. खाली गठ्ठे, धूळ, आणि भिंतीच्या बाजूला पांढरं बटण. त्याने हात पुढे केला, हात उडाला, बटण आणखी लांब गेलं. दुसऱ्यांदाही तेच. मग त्याने कोपर फरशीवर टेकवलं, तळवा सपाट टाकला आणि सगळा भार हातावर देऊन बटण त्याखाली दाबून धरलं. आता ते कुठे जाणार होतं? तसंच फरफटत त्याने ते जवळ आणलं. या सगळ्याला वेळ लागला.

मास्तरांची गोष्ट मधेच थांबली होती. वर एकदम शांत झालं होतं. टेबलाच्या खालून कडकला पाय दिसले. आधी बायकोच्या चपला आल्या, एक वाटेतच राहिली. त्यांच्यामागे मास्तरांचे बूट, आणि उजवा बूट जमिनीवर दाबून दाबून ब्रेक मारत होता. त्या दिवशीही हे पाय असेच आले असतील, त्याला वाटलं. तेव्हा त्याला दिसले नव्हते. आज दिसले.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "अहो."

कडकने अंगठा आणि बोट बटणाच्या कडांवर आणलं आणि मिटलं. हात टेबलाच्या कडेवरून वर गेला. वर जाताना एकदा चांगलाच उडाला, पण बोटं सुटली नाहीत.

"बटण," तो खालून म्हणाला.

बायको तिथेच जमिनीवर बसली. तिने त्याच्या हातातून बटण काढून घेतलं, बघितलं, परत त्याच्या हातात दिलं, आणि मग त्याला जे काही सुनावलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. पुढच्या खेपेला वाकायचं असेल तर आधी तोंडाने सांगायचं. कुणी मेलं तरी चालेल, पण आधी सांगायचं. बटण तिनेच लावलं, कारण सुईत दोरा ओवायला कडकला अजून जमत नव्हतं. मास्तर तो शर्ट घालून गेले, पाठीवर भोक आणि कॉलर ताठ.

झटके पूर्ण गेले नाहीत. थकला, घाबरला, कुणी मागून हाक मारली, की अजून येतात. रेशमी कपडे बायको करते. पण टेबल त्याचं आहे, इस्त्री म्हाताऱ्याची आहे, आणि गिऱ्हाइकं पुन्हा 'कधी देणार' एवढंच विचारतात. बटण पडलं की तो इस्त्री उभी करतो, मोठ्याने "बटण" म्हणतो आणि खाली जातो. नव्या गिऱ्हाइकाला याची गंमत वाटते. बायको हातातलं काम ठेवते आणि तो वर येईपर्यंत उभी राहते.